पॉझिटिव्हिटी दर : अंश, छेद आणि शिरवण्याची दुकाने

अपूर्णांक शिकवताना आपण मुलांना भाकरीचे किंवा कलिंगडाचे भाग करायला सांगतो. भाकरी एक, तिचे भाग चार, म्हणून छेद चार. हा छेद कोणी आणि कसा ठरवला, असा प्रश्न वर्गात सहसा कोणी विचारत नाही, कारण भाकरी समोरच असते. २०२१ सालच्या जून महिन्यात मात्र महाराष्ट्रातली दुकाने दुपारी चारला बंद करायची की रात्रीपर्यंत उघडी ठेवायची, हे एका अपूर्णांकावर ठरत होते. त्याचा अंश, म्हणजे नव्या रुग्णांची संख्या, रोज वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत छापून येई. छेद बारीक अक्षरांत असे, आणि पुष्कळदा नसेही. या लेखात त्या छेदाचा विचार करायचा आहे.

आमचे शिरवणे हे नवी मुंबईतल्या मूळ गावांपैकी एक. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, गावाभोवतीची जमीन नव्या शहरासाठी गेली आणि तिथे नेरुळचे सेक्टर उभे राहिले. गावठाण मात्र दाटीवाटीचेच राहिले. सायन-पनवेल महामार्गापलीकडे एमआयडीसीचे कारखाने आहेत, तुर्भ्याची बाजार समिती जवळ आहे आणि जुईनगर स्थानकावरून लोकलने मुंबईला जाता येते. कारखान्यातले कामगार, बाजारात माल उचलणारे, मुंबईला जाणारे नोकरदार यांच्या येण्याजाण्यावर इथली किराणा दुकाने, खानावळी आणि केशकर्तनालये चालतात. दुकान चार वाजता बंद झाले की पाळी सुटून संध्याकाळी येणारे गिऱ्हाईक गेलेच. म्हणून दर आठवड्याला जाहीर होणारी एक टक्केवारी या गावातल्या कित्येक घरांच्या चुलीशी जोडली गेली होती. दुसऱ्या बाजूला एप्रिल महिन्यातली परिस्थिती कोणी विसरलेले नव्हते. ऑक्सिजनची खाट मिळावी म्हणून नातेवाईक एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत होते. घाईने सगळे उघडले तर तीच वेळ पुन्हा येईल, ही भीतीही खरीच होती.

नियम काय होता?

महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. चारच दिवसांनी, १३ मार्चला, राज्य शासनाने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा मुंबईच्या प्लेगच्या साथीतून जन्माला आला. त्या वेळच्या सरकारने तो वापरून घरोघर तपासण्या केल्या आणि लोकांना सक्तीने हलवले. कोणत्या घराचा दरवाजा केव्हा ठोठावला जाईल, हे लोकांना आधी कळण्याचा काही मार्ग नव्हता. सव्वाशे वर्षांनंतर तोच कायदा हाताशी धरून शासनाने जे केले, त्यात एक महत्त्वाचा फरक पडला. निर्णयाचा नियम आधी जाहीर झाला.

दुसऱ्या लाटेत १८ एप्रिल २०२१ या एका दिवशी राज्यात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. १४ एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध होते. जूनच्या सुरुवातीला रोजची संख्या १५ हजारांच्या आसपास उतरली, तेव्हा निर्बंध कसे सैल करायचे हा प्रश्न आला. ४ जून २०२१ च्या आदेशाने शासनाने पाच स्तर ठरवले आणि ७ जूनपासून ते लागू केले. स्तर ठरवण्यासाठी दोन संख्या घेतल्या : तपासलेल्या नमुन्यांपैकी बाधित निघालेल्यांची टक्केवारी, म्हणजे पॉझिटिव्हिटी दर, आणि ऑक्सिजनच्या एकूण खाटांपैकी भरलेल्या खाटांची टक्केवारी.

पहिला स्तर : दर ५ टक्क्यांहून कमी आणि भरलेल्या खाटा २५ टक्क्यांहून कमी.
दुसरा स्तर : दर ५ टक्क्यांहून कमी आणि भरलेल्या खाटा २५ ते ४० टक्के.
तिसरा स्तर : दर ५ ते १० टक्के, किंवा भरलेल्या खाटा ४० टक्क्यांहून जास्त.
चौथा स्तर : दर १० ते २० टक्के, किंवा भरलेल्या खाटा ६० टक्क्यांहून जास्त.
पाचवा स्तर : दर २० टक्क्यांहून जास्त, किंवा भरलेल्या खाटा ७५ टक्क्यांहून जास्त.

पहिल्या स्तरात व्यवहार जवळजवळ पूर्ववत, तिसऱ्या स्तरात दुकाने चारपर्यंत आणि मॉल बंद, पाचव्यात केवळ अत्यावश्यक गोष्टी, अशी ही उतरंड होती. दर गुरुवारी आकडे पाहायचे आणि त्यानुसार सोमवारपासून स्तर बदलायचा, असे ठरले. प्रत्येक जिल्हा हा एक घटक. शिवाय २०११ च्या जनगणनेत ज्या महानगरपालिकांची लोकसंख्या १० लाखांहून अधिक होती, त्या स्वतंत्र घटक. नवी मुंबईची लोकसंख्या त्या जनगणनेत ११ लाख २० हजारांच्या आसपास होती, म्हणून ठाणे जिल्ह्यात असूनही तिचा हिशेब वेगळा झाला. सुरुवातीला ती दुसऱ्या स्तरात आली.

आता स्तरांची भाषा नीट वाचा. पहिल्या दोन स्तरांत 'आणि' आहे, पुढच्या तिन्हींत 'किंवा' आहे. सूट मिळायची तर दोन्ही संख्या चांगल्या हव्यात. निर्बंध वाढायला मात्र एक संख्या वाईट असली तरी पुरते. तर्कशास्त्रातले हे दोन छोटे शब्द इथे सावधगिरीचे काम करतात. नववी-दहावीच्या मुलांना 'आणि' व 'किंवा' यांतला फरक समजावून सांगायला याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.

दोन संख्या कशासाठी?

एखाद्या माणसाला संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार-पाच दिवस जातात. लक्षणे दिसल्यावर काही जण चाचणी करून घेतात. त्यांच्यापैकी थोड्यांचा आजार वाढतो आणि ऑक्सिजनची गरज लागते, पण ती बहुधा आणखी आठवडाभराने. म्हणजे खाटांचा आकडा आज जे सांगतो, ती दोन आठवड्यांपूर्वीच्या संसर्गाची बातमी असते. पॉझिटिव्हिटी दराची बातमी त्याहून ताजी असते.

मग ताजी बातमीच का वापरू नये? कारण ती डळमळीत असते. ऑक्सिजनच्या खाटेवर रुग्ण आहे की नाही, याबद्दल फारसा वाद होऊ शकत नाही. चाचणी कोणाची झाली, कोणत्या पद्धतीने झाली आणि किती जणांची झाली, यावर मात्र दर बदलतो. एक संख्या लवकर बोलते पण चंचल आहे, दुसरी उशिरा बोलते पण भरवशाची आहे. म्हणून दोन्ही ऐकायच्या.

आणि तरीही सूत्राने दिलेला स्तर हा अखेरचा शब्द नव्हता. मुंबईत ११ जूनच्या सुमारास दर ४.४० टक्के आणि खाटांचा वापर २७.१२ टक्के होता. नियमाप्रमाणे हा दुसरा स्तर. पुढच्या आठवड्यात हे आकडे ३.७९ आणि २३.५६ झाले, म्हणजे पहिला स्तर. पण दोन्ही वेळा मुंबई महानगरपालिकेने शहर तिसऱ्या स्तरातच ठेवले. लोकवस्तीची दाटी आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लोकलने येणारे प्रवासी ही कारणे त्यांनी दिली. दर मोजताना शहराभोवती रेघ ओढता येते, विषाणू ती रेघ मानत नाही.

चाचणी काय पकडते?

आता छेदाकडे वळू. त्यासाठी आधी दोन चाचण्यांमधला फरक समजून घेतला पाहिजे.

आरटी-पीसीआर चाचणीत नाकातील किंवा घशातील स्राव घेतात. त्यात विषाणूचा आरएनए असेल तर त्याच्यापासून डीएनए तयार करतात आणि त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या दुप्पट होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार, असे ३० वेळा झाले की एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक प्रती होतात. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट मुलांना माहीत असते, ती इथे सांगावी. या दुपटीमुळे विषाणू अगदी थोडे असले तरी ते पकडता येतात. मात्र त्यासाठी यंत्र, प्रशिक्षित माणसे आणि काही तास लागतात. नवी मुंबईचे नमुने सुरुवातीला शहराबाहेरच्या प्रयोगशाळांत जात आणि अहवालाला वेळ लागे. ऑगस्ट २०२० मध्ये महानगरपालिकेने नेरुळच्या आपल्या रुग्णालयात रोज १,००० नमुने तपासण्याच्या क्षमतेची प्रयोगशाळा सुरू केली. शिरवण्यापासून ती जवळच.

अँटिजेन चाचणीत प्रती काढल्या जात नाहीत. विषाणूची प्रथिने स्रावात पुरेशी असतील तर कागदी पट्टीवर रेघ उमटते. अर्ध्या तासात उत्तर मिळते, यंत्र लागत नाही, आणि ही चाचणी बाजारात टेबल मांडूनही करता येते. तुर्भ्याच्या बाजार समितीत अशी केंद्रे होती. पण विषाणू कमी असतील तर रेघ उमटत नाही. जून २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पहिल्या अँटिजेन संचाला मान्यता दिली, तेव्हा तिच्या पाहणीत या संचाची संवेदनक्षमता ५०.६ ते ८४ टक्के दिसली होती. संवेदनक्षमता म्हणजे खरोखर बाधित असलेल्या १०० जणांपैकी किती जणांना चाचणी पकडते, ते प्रमाण. याचा अर्थ ही चाचणी १०० बाधितांपैकी १६ जणांना, आणि वाईट परिस्थितीत जवळजवळ निम्म्यांना, 'निगेटिव्ह' ठरवू शकते. म्हणूनच लक्षणे असलेल्या माणसाची अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली तर त्याची आरटी-पीसीआर करावी, असे परिषदेने तेव्हाच सांगितले होते.

यावरून अँटिजेन चाचणी टाकाऊ ठरत नाही. ज्याच्या नाकात विषाणू भरपूर आहेत, म्हणजे ज्याच्याकडून इतरांना संसर्ग होण्याचा धोका जास्त, त्याला ती लगेच ओळखते. भाजीची गाडी उतरवणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे थांबवायचे असेल तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या अचूक अहवालापेक्षा अर्ध्या तासात येणारा कच्चा अहवाल अधिक कामाचा. अडचण येते ती या दोन चाचण्यांचे निकाल एकाच छेदात मिसळले म्हणजे.

एकच आजार, दोन स्तर

एक काल्पनिक हिशेब करू. समजा, एका शहरात आठवड्यात १०,००० जणांची चाचणी झाली आणि त्यांच्यापैकी ८०० जण खरोखर बाधित आहेत. सोयीसाठी असे धरू की आरटी-पीसीआर सगळ्या बाधितांना पकडते आणि अँटिजेन निम्म्यांना. (प्रत्यक्षात आरटी-पीसीआरही काहींना चुकवते.)

सगळ्यांची आरटी-पीसीआर केली, तर बाधित ८००, दर ८ टक्के. शहर तिसऱ्या स्तरात. दुकाने चारला बंद.

आता २,००० जणांची आरटी-पीसीआर आणि ८,००० जणांची अँटिजेन केली. पहिल्या गटात १६० बाधित सापडतील. दुसऱ्या गटात ६४० बाधित आहेत, त्यांतले ३२० सापडतील. एकूण ४८०, म्हणजे ४.८ टक्के. खाटा मोकळ्या असतील तर हे शहर पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरात जाईल. माणसे तीच, आजार तेवढाच, विषाणूही तोच. बदलली ती फक्त चाचण्यांची वाटणी. आणि आपल्याला काही झालेले नाही असे समजून ३२० बाधित माणसे घरी गेली.

दुसरा हिशेब. पहिल्या १०,००० जणांची आरटी-पीसीआर केली. त्यांच्याबरोबर लक्षणे नसलेल्या आणखी १०,००० दुकानदारांची, रिक्षाचालकांची आणि कामगारांचीही केली. त्यांच्यात समजा १ टक्का बाधित आहेत. एकूण बाधित ९००, चाचण्या २०,०००, दर ४.५ टक्के. सापडलेले रुग्ण वाढले आणि दर उतरला! इथे कोणी काही लपवलेले नाही. उलट १०० जास्त माणसे वेळेवर ओळखली गेली. अधिक चाचण्या करणे हे चांगलेच काम आहे.

यावरून हा दर नक्की काय सांगतो ते कळते. तो 'शहरात किती टक्के लोक आजारी आहेत' हे सांगत नाही. 'ज्यांना आपण शोधायला गेलो, त्यांच्यात किती सापडले' एवढेच सांगतो. दर फार चढा असेल तर आपण फक्त उघड आजारी लोकांनाच तपासत आहोत आणि बाहेर बरेच सुटले आहेत, अशी शंका घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये ५ टक्क्यांची खूण सुचवली, तीही पाहणी सर्वंकष असेल तर आणि किमान दोन आठवडे दर त्याखाली राहिला तर, अशा अटींसह. प्रवासात ५ टक्के हा आकडा सोबत आला, अटी पुष्कळदा मागे राहिल्या.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली पैशाच्या पुरवठ्याबद्दल जे निरीक्षण नोंदवले, ते इथेही लागू पडते. एखादे मोजमाप नियंत्रणासाठी वापरायला लागले की त्याचा आधीचा भरवसा राहत नाही. दर कमी आला तर दुकाने उघडतील, हे सगळ्यांना माहीत झाले की कोणाला तपासायचे आणि कशाने तपासायचे, या निर्णयांवर नकळत का होईना दबाव येतो. परीक्षेच्या निकालावर शाळेचे मूल्यमापन होऊ लागले म्हणजे काय होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

२५ जूनची दुरुस्ती

२१ जूनला राज्यात 'डेल्टा प्लस' या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले. त्यांतले ९ रत्नागिरीत आणि ७ जळगावात होते. चार दिवसांनी, २५ जूनला, शासनाने नवा आदेश काढला. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, आकडे काहीही असोत, कोणताही घटक तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही. दुसरी, दर काढताना फक्त आरटी-पीसीआर चाचण्या धरायच्या, अँटिजेन नाही. तिसरी, निर्बंध सैल करायचे असतील तर दोन आठवड्यांचा कल पाहायचा, पण वाढवायचे असतील तर दोन आठवडे थांबायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण वर केलेल्या पहिल्या हिशेबाचे उत्तर आहे. शासनाने छेद साफ केला. अँटिजेन चाचण्या माणसे शोधण्यासाठी चालू राहिल्या, पण स्तर ठरवण्याच्या सूत्रातून बाहेर गेल्या. तिसरी गोष्टही विचार करण्यासारखी आहे. चुकून लवकर उघडले तर साथ दुपटीच्या वेगाने पसरते, चुकून उशिरा उघडले तर नुकसान रोजच्या हिशेबाने वाढते. दोन चुकांची किंमत सारखी नसेल तर दोन्ही दिशांना पुरावाही सारखा मागू नये, हे त्यामागचे तत्त्व.

पण रोजच्या हिशेबाचे नुकसानही कोणाला तरी सोसावे लागतेच. दुसऱ्या स्तरात तीन आठवडे काढलेली नवी मुंबई २८ जूनपासून पुन्हा तिसऱ्या स्तरात गेली. तिचे स्वतःचे आकडे बिघडलेले नव्हते, राज्याचा नियम बदलला होता. शिरवण्यातल्या खानावळवाल्याच्या दृष्टीने संध्याकाळचे गिऱ्हाईक पुन्हा गेले. नियम का बदलला, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगण्याचे काम पुरेसे झाले का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आदेश शासकीय भाषेतला. गावात पोहोचले ते एवढेच : 'पुन्हा चारला बंद.' कारण न कळलेला नियम माणसे भीतीने पाळतात आणि भीती ओसरली की सोडून देतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

कोणी म्हणेल, नवी मुंबई एवढी मोठी, तर शिरवण्याचा स्तर वेगळा का काढू नये? गावात रुग्ण नसतील तर गाव उघडावे. या प्रश्नाचे उत्तर वाटाण्यांनी देता येते.

एका डब्यात ४७५ पांढरे आणि २५ हिरवे वाटाणे घ्या. हिरवे म्हणजे बाधित, त्यांचे प्रमाण बरोबर ५ टक्के. डबा हलवून प्रत्येक विद्यार्थ्याने न बघता २० वाटाणे काढावेत, हिरवे मोजावेत आणि वाटाणे परत टाकावेत. अपेक्षा अशी, की प्रत्येकाला एक हिरवा मिळेल. प्रत्यक्षात ४० मुलांच्या वर्गात साधारण १४ जणांना एकही हिरवा मिळणार नाही. त्यांच्या 'गावाचा' दर शून्य! सुमारे १५ जणांना एक मिळेल. उरलेल्या ११ जणांना दोन किंवा अधिक मिळतील, म्हणजे १० टक्के किंवा त्याहून जास्त. डबा एकच, पण कोणाचे गाव पहिल्या स्तरात आणि कोणाचे चौथ्यात. मग सगळ्यांचे आकडे एकत्र करा. ८०० वाटाण्यांतले हिरवे मोजले की उत्तर ५ टक्क्यांच्या जवळ येईल.

दर ५ टक्के असताना १०० चाचण्यांत हा निव्वळ योगायोगाचा हेलकावा साधारण १ ते ९ टक्क्यांपर्यंत जातो. १,००० चाचण्यांत तो ३.६ ते ६.४ आणि १०,००० चाचण्यांत ४.६ ते ५.४ एवढा आवळतो. चाचण्या शंभरपट केल्या की हेलकावा दहापट कमी होतो, म्हणजे तो वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणून शासनाने जिल्हा आणि १० लाखांवरची शहरे हे मोठे घटक निवडले, ते योग्यच होते.

मात्र मोठ्या घटकालाही किंमत मोजावी लागते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. प्रतिपिंडे म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची शरीरात राहिलेली खूण. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत ती आढळली, त्याच विभागांतल्या इतर वस्तीत १६ टक्के. दोन शेजाऱ्यांची सरासरी काढली की दोघांचीही खरी स्थिती नाहीशी होते. शिरवण्याचे गावठाण आणि समोरच्या सेक्टरमधली बंदिस्त सोसायटी यांना नवी मुंबईचा एकच दर लागू होता. तो दोघांपैकी कोणाचा होता?

शिक्षकांच्या अधिक जवळचे एक उदाहरण पाहा. १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त ग्रामीण भागात आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करण्यास परवानगी मिळाली. गावात महिनाभर एकही रुग्ण आढळलेला नसावा, ही अट होती. 'रुग्ण आढळला नाही' आणि 'रुग्ण नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. ज्या गावात महिनाभर चाचणीच झाली नाही, तिथेही रुग्ण आढळणार नाही. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य नव्हे, हे आपण बीजगणितात शिकवतोच. त्याच सुमारास, जून-जुलै २०२१ मध्ये, देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे ५८ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. त्यांत लस घेतलेले लोकही होते. तोवर राज्यात नोंदलेले रुग्ण मात्र सुमारे ६० लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास. लसीचा भाग वजा केला तरी, जे आढळले त्याच्या कितीतरी पट न आढळलेले होते.

टक्क्यांकडून टनांकडे

२ ऑगस्टच्या आदेशाने ११ जिल्ह्यांत तिसऱ्या स्तराचे निर्बंध ठेवून बाकी बहुतेक ठिकाणी सूट देण्यात आली. १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलने प्रवास करता येऊ लागला. ११ ऑगस्टच्या आदेशात एक वेगळीच खूण आली : कोविड रुग्णांसाठी लागणारा ऑक्सिजन दिवसाला ७०० मेट्रिक टनांवर गेला तर राज्यात पुन्हा टाळेबंदी. दुसऱ्या लाटेत ही मागणी १,७०० टनांच्या आसपास गेली होती आणि राज्याचे स्वतःचे उत्पादन सुमारे १,२५० टन होते.

टनांना छेद नसतो. किती जणांना तपासले यावर ऑक्सिजनची मागणी अवलंबून नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा राज्यात दिवसाला ४० हजारांवर रुग्ण निघत होते आणि मुंबईचा दर २० टक्क्यांच्या खूप पुढे गेला होता. जुन्या सूत्राने मुंबई पाचव्या स्तरात गेली असती. पण लसीकरण आणि आधीचे संसर्ग यांमुळे रुग्णांच्या मानाने ऑक्सिजनची गरज बरीच कमी राहिली. काही निर्बंध आले, संपूर्ण टाळेबंदी आली नाही. नवी खूण त्या वेळी उपयोगी पडली. पण ती उशिरा बोलणारी खूण आहे, हे विसरून चालणार नाही. लस नसती आणि विषाणू अधिक मारक असता, तर ७०० टनांचा आकडा दिसेपर्यंत पुढच्या दोन आठवड्यांचे रुग्ण आधीच संसर्ग घेऊन बसले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पाच स्तर आता कोणाच्या फारसे स्मरणातही नाहीत. पण डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस, गोवर यांचे आकडे दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात छापून येतच असतात, आणि त्यांवरून निर्णयही होतात. असा आकडा वर्गात आला की मुलांना चार प्रश्न विचारायला लावावेत. किती जणांना तपासले? कोणाला तपासले आणि कोण सुटले? कोणत्या चाचणीने? आणि हा आकडा आजची बातमी सांगतो की दोन आठवड्यांपूर्वीची? यांची उत्तरे आरोग्य खात्याच्या जवळच्या केंद्रात जाऊन मागता येतात. विद्यार्थ्यांचा एक गट आपल्या वॉर्डातल्या डेंग्यूच्या चाचण्यांचा असा हिशेब एका पावसाळ्यात ठेवू शकेल. छेद कोठून येतो, हे त्यांना तिथे प्रत्यक्ष दिसेल.